शहरालाच उशीर झाला तेव्हा

मंगळवार, ७ मे २०१९. अमेरिकेतल्या बॉल्टिमोर शहराच्या महापालिकेत त्या दिवशी फायली उघडेनात. मेल बंद, बऱ्याच ठिकाणी फोन बंद, आणि स्क्रीनवर एक चिठ्ठी: तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या असतील तर १३ बिटकॉइन पाठवा. तेव्हाच्या भावाने साधारण ७६ हजार डॉलर. रॅन्समवेअरचं नाव रॉबिनहूड. (श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा तो! या बाबाने नेमकं गरीब शहर निवडलं.) पोलीस, अग्निशमन दल आणि ९११ चे फोन तेवढे चालू होते, बाकी बहुतेक सगळं आडवं.

आपल्या लाइनमधल्या बऱ्याच जणांनी हे प्रकरण सिक्युरिटीच्या ट्रेनिंगमध्ये एखाद्या स्लाइडवर पाहिलं असेल. बॅकअप घ्या, पॅच मारा, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका वगैरे. मला मात्र त्यातला एक अगदी बारका तपशील सोडवत नाही. पाणीपुरवठा ज्यांच्याकडे आहे त्या सार्वजनिक बांधकाम खात्याने लगेच जाहीर करून टाकलं की नेटवर्क बंद असल्यामुळे पाण्याचं बिल उशिरा भरल्याचा दंड सध्या कुणालाही लावला जाणार नाही, शहरातही नाही आणि शेजारच्या काउंटीतही नाही.

एका ओळीत काम झालं. समिती नाही, सुनावणी नाही, अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी त्या शहराच्या सिटी कौन्सिलपुढे पाण्याच्या बिलात गरिबांना दिलासा देणारा एक कायदा पडून होता. त्यावर मात्र भरपूर चर्चा चालू होती, की हे कसं जमणार, खर्च किती येणार, सिस्टीम झेपेल का...

त्या कायद्याची गोष्ट सांगायची तर आधी बिल एवढं मोठं का झालं ते सांगायला हवं. आणि त्यासाठी थेट १९०४ पर्यंत मागे जावं लागतं.

फेब्रुवारी १९०४ मध्ये बॉल्टिमोरच्या मध्यवर्ती भागात आग लागली. दीड हजारांवर इमारती गेल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क अशा शहरांतून बंब मदतीला आले, पण त्यांच्या पाइपांचे आटे बॉल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात! प्रत्येक शहराचं माप वेगळं. इंटरफेस स्टँडर्ड का लागतो हे कुणाला समजावायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. असो. आगीनंतर शहर नव्याने बांधताना बॉल्टिमोरने आणखी एक काम हाती घेतलं, जे बाकीच्या मोठ्या अमेरिकन शहरांनी केव्हाच केलं होतं: मैलापाण्याची भूमिगत गटारं. तोपर्यंत घराघरांत शोषखड्डे होते. पुढच्या दहाएक वर्षांत गटारांचं जाळं उभं राहिलं. मैलापाणी वेगळं, पावसाचं पाणी वेगळं, म्हणजे त्या काळाच्या मानाने डिझाइन उत्तम. फक्त एक गोम होती. जास्त पाणी आलं तर पाइप फुटू नयेत म्हणून मैलापाणी मधेच ओढ्यात सोडून देणारी तोंडं ठेवलेली होती.

शंभर वर्षांनी ते पाइप गळायला लागले, पावसाचं पाणी आत शिरायला लागलं, आणि मैलापाणी ओढ्यांतून बंदरात आणि तिथून चेसापीकच्या खाडीत. २००२ मध्ये केंद्राची पर्यावरण संस्था आणि मेरीलँड राज्य सरकार यांच्याशी कोर्टाच्या देखरेखीखाली करार झाला की १ जानेवारी २०१६ पर्यंत हे सगळं थांबवायचं. ते थांबलं नाही. २०१७ मध्ये सुधारित करार झाला, नव्या मुदती पडल्या. खर्च अब्जांत. आणि हा पैसा येणार कुठून? केंद्राचा वाटा १९७० च्या दशकानंतर आटत गेलेला. म्हणजे राहिला नळाच्या टोकाला उभा असलेला माणूस.

आता त्या टोकाला माणसं किती उरली होती? १९५० मध्ये बॉल्टिमोरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. २०१० मध्ये ६ लाख २१ हजार, २०२० मध्ये ५ लाख ८६ हजार. कारखाने गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, मागे राहिलेल्या शहरात बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि त्यात गरीब खूप. उपनगरांनाही पाणी याच यंत्रणेतून जातं आणि तेही पैसे भरतात, पण शहरातल्या गल्लीबोळांखालचे पाइप काही माणसांबरोबर उठून गेले नाहीत. दहा मजली इमारतीतले चार मजले रिकामे झाले म्हणून लिफ्टचा मेंटेनन्स कमी होतो का? उरलेल्या सहा मजल्यांवर वाटला जातो. तसंच.

मग दर वाढत गेले. २०१३ मध्ये मंजूर झालेली वाढ पहिल्या वर्षी १५ टक्के आणि पुढची दोन वर्षं ११-११ टक्के. २०१६ मध्ये पुन्हा तीन वर्षांसाठी दर वर्षी साधारण १० टक्के. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा तीन वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास, पहिली वाढ १ जुलै २०१९ पासून. ढोबळ गुणाकार केला तर २०१३ च्या आधी १०० डॉलर असलेलं बिल त्या जुलैत दोनशेच्या पुढे जातं. पगार काही सहा वर्षांत दुप्पट होत नाही. (आपल्या क्षेत्रात कंपनी बदलली तर होतो, ते सोडा.)

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, नाहीतर पुढचं सगळं कोडं वाटेल. दर ठरवायचा अधिकार सिटी कौन्सिलकडे, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभागृहाकडे, नव्हताच! तो बोर्ड ऑफ एस्टिमेट्स नावाच्या पाच जणांच्या मंडळाकडे होता. महापौर, कौन्सिलचे अध्यक्ष, कंट्रोलर, शहराचा वकील आणि बांधकाम खात्याचा संचालक. यातले शेवटचे दोघं महापौरांनी नेमलेले. पाचपैकी तीन मतं महापौरांच्या खिशात. म्हणजे दरवाढ मागणाऱ्या खात्याचा प्रमुख दरवाढ मंजूर करणाऱ्या मंडळात बसून मत देणार. नगरसेवकांकडे बिल घेऊन लोक रडत यायचे आणि नगरसेवक आकड्याला हात लावू शकत नव्हते. आकड्याच्या अवतीभवती जे असतं, म्हणजे दंड, सवलत, तक्रार, वसुली, त्यावर कायदा करणं एवढंच त्यांच्या हातात.

बरं, दर जास्त आहे हे एक दुखणं. दुसरं दुखणं असं की बिलावरचा आकडाच बरोबर आहे याची खात्री नव्हती. २०१२ मध्ये शहराच्याच ऑडिटरला आढळलं की हजारो लोकांना जास्तीची बिलं गेली आहेत, आणि त्या प्रकरणात सुमारे ३८ हजार ग्राहकांना मिळून ४२ लाख डॉलर परत करावे लागले. जुने मीटर, हाताने रीडिंग, रीडिंग झालं नाही तर अंदाजाने आकडा. तिमाही बिल असल्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत सहा-सहा महिने गेलेले. रस्त्याखालच्या पाइपातली गळती तुमच्या हद्दीत की शहराच्या, यावर वेगळं भांडण.

आणि आता तिसरं, ज्यामुळे हे सगळं नुसत्या वैतागापुरतं राहत नाही. बॉल्टिमोरमध्ये पाण्याची थकबाकी ही घरावर बोजा म्हणून चढायची. सातबारावर सोसायटीचा बोजा चढतो ना, तसाच. मग दर वर्षी मे महिन्यात शहर या बोजांचा लिलाव करायचं, टॅक्स सेल नावाने. विकत घेणारा गुंतवणूकदार शहराला थकबाकी देऊन टाकणार, शहर मोकळं. घरमालकाने मग ती रक्कम त्या गुंतवणूकदाराला फेडायची, वर वर्षाला १८ टक्के व्याज, वर त्याच्या वकिलाची फी, कागदपत्रं तपासल्याचा खर्च. ठरलेल्या मुदतीत नाही फेडलं तर तो कोर्टात जाऊन घराचा हक्कच मागू शकतो. (आपल्याकडे मालमत्ता कराच्या थकबाकीवर महापालिका महिन्याला २ टक्के शास्ती लावतात, तेव्हा १८ टक्के ऐकून आपण फार नाक मुरडायला नको. फरक हा की इथे ती शास्ती महापालिका लावते आणि मग अधूनमधून अभय योजना काढून माफही करते. तिथे एकदा बोजा विकला की दंडाचा मालक कुणीतरी तिसराच. महापौरांनी अभय द्यायचं ठरवलं तरी देणार काय?)

मालक राहत असलेल्या घरावर इतर कुठलाच कर बाकी नसेल, नुसतं पाण्याचं बिल थकलं असेल, तर मर्यादा ७५० डॉलर होती. त्याच्या वर गेलं की घर लिलावाच्या यादीत. साडेसातशे डॉलर! आणि ते पाणी खरोखर वापरलं होतं की अंदाजाने लावलं होतं हा प्रश्न तोपर्यंत कुठल्या कुठे राहून गेलेला असायचा.

मला हा सगळा प्रकार एका डेटा पाइपलाइनसारखा दिसतो. पहिल्या टप्प्यावर एक इनपुट येतं, मीटरचं रीडिंग. ते चुकीचं असू शकतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुढच्या एकाही टप्प्यावर ते तपासायची सोय नाही. बिल झालं, मुदत गेली, दंड लागला, बोजा झाला, बोजा विकला गेला, वकिलाची नोटीस आली. प्रत्येक टप्प्यावर आकडा जरा मोठा होतो आणि जरा जास्त खरा वाटायला लागतो. उशिराचा दंड हा त्यातला सगळ्यात छोटा आकडा, पण कामाचा. 'हे बिल बरोबर आहे का' हा प्रश्न बंद करून 'तुम्ही वेळेत का भरलं नाही' हा प्रश्न तोच सुरू करतो.

तक्रार करायची सोय होती. कुणाकडे? ज्या खात्याने बिल काढलं त्याच खात्याकडे.

२०१५ च्या मार्चमध्ये शहराने मोठी वसुली मोहीम जाहीर केली. २५ हजार खातेदार, एकूण थकबाकी ४ कोटी डॉलर, भरा नाहीतर नळ तोडतो. याच्या आदल्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये हजारो घरांचे नळ तोडले गेले होते आणि संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ तिथे जाऊन हे मानवी हक्कांचं उल्लंघन आहे असं सांगून आले होते. तरीही. बॉल्टिमोरच्या थकबाकीत मोठा वाटा व्यापारी आणि संस्थांच्या खात्यांचा होता. स्पॅरोज पॉइंटचा दिवाळखोरीत गेलेला पोलाद कारखानाही त्यात होता. पण बंद पडलेल्या कारखान्याचा नळ तोडून काय मिळणार? नळ तुटले ते घरांचे.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नवे मीटर, नवं सॉफ्टवेअर आणि तिमाहीऐवजी मासिक बिल अशी नवी व्यवस्था आली. मीटरांचं कंत्राटच ८ कोटी डॉलरच्या वरचं. मीटर रेडिओवर स्वतःच रीडिंग पाठवणार, अंदाजपंचे कारभार संपणार, गळती लगेच कळणार. कल्पना चांगलीच होती, मी नावं ठेवणार नाही. पण नवीन मीटर म्हणजे अचूक मीटर, आणि अचूक मीटर म्हणजे आता तक्रारीला जागाच नाही, असा एक सूर खात्याच्या बोलण्यात शिरला. ज्यांनी कुणी प्रॉडक्शनमध्ये मायग्रेशन केलंय त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

या काळात विरोधही संघटित होत होता. फूड अँड वॉटर वॉच ही संस्था, शहरातले धर्मगुरू, कायदा मदत केंद्रं. त्यांनी रॉजर कोल्टन या अर्थतज्ज्ञाकडून २०१७ मध्ये बॉल्टिमोरचा अभ्यास करून घेतला. कोल्टन हे या विषयातलं जुनं नाव. डेट्रॉइटसाठी त्यांनी २००५ मध्येच उत्पन्नानुसार बिल अशी योजना आखून दिली होती. ती तशी राबवली गेलीच नाही आणि नऊ वर्षांनी नळ तुटले. फिलाडेल्फियाच्या सिटी कौन्सिलने मात्र २०१५ मध्ये कायदा करून जुलै २०१७ मध्ये ती सुरूही केली. तिथे गरीब कुटुंबाला उत्पन्नाच्या २ ते ३ टक्के एवढंच बिल, आणि २४ महिने नीट भरलं की जुन्या थकबाकीवरचा दंड माफ.

कोल्टन यांचं म्हणणं थोडक्यात असं. ज्याला महिना ३० डॉलर परवडतात त्याला तुम्ही १०० चं बिल पाठवलं तर तो ७० ची सूट मागत बसत नाही. तो दोन-तीन महिने कसंबसं भरतो आणि मग सोडून देतो. मग तुमचे १०० बुडतात, वर नोटिशीचा, नळ तोडायचा, पुन्हा जोडायचा, कोर्टाचा खर्च. त्याऐवजी ३० चंच बिल पाठवा, तो भरेल. यात दया वगैरे नाही, नुसता हिशोब आहे. मला तो पटतो. फक्त दंड माफ करणाऱ्या योजनांची अडचणही त्यातूनच दिसते: दंड माफ झाला तरी पुढच्या महिन्याचं बिल १०० च येणार.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बॉल्टिमोरच्या मतदारांनी पाणीपुरवठ्याच्या खाजगीकरणावर थेट शहराच्या सनदेतच बंदी घातली, तीन चतुर्थांशाहून जास्त मतांनी. त्या वाऱ्यात डिसेंबरमध्ये कौन्सिलचे अध्यक्ष जॅक यंग यांनी वॉटर अकाउंटेबिलिटी अँड इक्विटी ॲक्ट हे विधेयक मांडलं. दुसरीकडे मेरीलँडच्या विधिमंडळात मेरी वॉशिंग्टन टॅक्स सेलच्या मागे लागल्या होत्या. महापौर कॅथरीन प्यू यांनी मालक राहत असलेली घरं पाण्याच्या थकबाकीसाठी २०१८ च्या लिलावातून वगळली, आणि २०१९ च्या राज्य कायद्याने ती सूट कायमची केली, प्रार्थनास्थळांसकट. म्हणजे सगळ्यात घातक टप्पा राज्याने कापला. उरलेली साखळी कौन्सिलकडे.

विधेयकात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक, दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला उत्पन्नाच्या १, २ किंवा ३ टक्के एवढंच बिल. समजा तीन माणसांच्या घरात वर्षाला १८ हजार डॉलर येतात. ते २ टक्क्यांच्या पायरीत. वर्षाचे ३६०, महिन्याचे ३०. दुसरी गोष्ट, ग्राहकांची बाजू घेणारं आणि अपील ऐकणारं वेगळं कार्यालय, ज्यात बिलाच्या वादाचा निकाल बिल काढणाऱ्या खात्याने द्यायचा नाही.

बातम्या पहिल्या गोष्टीच्या झाल्या, टक्क्यांच्या. मला विचाराल तर दुसरी जास्त महत्त्वाची होती. टक्केवारीने गरिबाचं बिल कमी होतं. पण ज्याचं उत्पन्न रेषेच्या जरा वर आहे आणि ज्याला मीटरच्या घोळामुळे हजार डॉलरचं बिल आलंय, त्याला टक्के काय कामाचे? त्याला कुणीतरी तिसरा माणूस हवा असतो, जो आधी 'आकडा बरोबर आहे असं धरून चालू' असं म्हणत नाही.

खात्याचे आक्षेप होते: खर्च किती ते माहीत नाही, उत्पन्न तपासणार कोण, सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही, आमच्या सवलत योजना आहेतच. विधेयक समितीत पडून राहिलं. २ मे २०१९ ला महापौर प्यू यांनी राजीनामा दिला. (त्यांनी स्वतः लिहिलेली लहान मुलांची पुस्तकं शहराशी व्यवहार असलेल्या संस्थांना विकल्याचं ते प्रकरण. पुढे त्या तुरुंगातही गेल्या.) जॅक यंग महापौर झाले, आणि ज्या खात्याचा विरोध होता ते आता त्यांच्याच हाताखाली आलं. पाच दिवसांनी रॉबिनहूड.

यंग यांनी खंडणी द्यायला नकार दिला. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कर्मचाऱ्यांनी कामासाठी धडाधड जीमेलची खाती उघडली, तर एकाच ठिकाणाहून एवढी खाती उघडलेली बघून गूगलने ती काही काळ बंद करून टाकली. घरांची खरेदी-विक्री ठप्प झाली. का? तर घर विकताना त्यावर शहराचा किती बोजा आहे याचा दाखला लागतो, आणि तो देणारी सिस्टीमच बंद. शेवटी खरेदीच्या वेळी कागदावर हमी लिहून घ्यायची, की पुढे काही बाकी निघाली तर आम्ही भरू, अशी पळवाट काढावी लागली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत साडेसातशे डॉलरच्या बोजापायी राहती घरं लिलावात काढणाऱ्या शहराला आता कुणाकडे किती बाकी आहे तेच सांगता येत नव्हतं!

आणि पाण्याची बिलं? मे, जून, जुलै, बिलं गेलीच नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाली. पहिलं बिल अर्थातच जास्त महिन्यांचं आणि मोठं, त्यात १ जुलैची दरवाढ मिसळलेली. एकदम भरता येत नसेल तर हप्ते करून देऊ, असं खात्याने सांगितलं. म्हणजे उशीर झाला तर समजून घ्यायचं असतं, अडचण खरी असू शकते, हप्ते करता येतात, दंड थांबवता येतो, हे सगळं शहराला माहीत होतं. सिस्टीममध्येही बसलं सगळं.

या हल्ल्याचा शहराला बसलेला फटका सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर धरला गेला. (पुढे मे २०२५ मध्ये एका इराणी नागरिकाने रॉबिनहूडच्या हल्ल्यांतला सहभाग अमेरिकेतल्या कोर्टात कबूल केला.) काही डेटा कायमचा गेला, कारण तो सर्व्हरवर नसून लोकांच्या मशिनवर होता. यावर मी काही बोलत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डेस्कटॉपवर आत्ता काय काय पडलंय ते त्यांना माहीत आहे :-)

त्या उन्हाळ्यात आणखी एक प्रकरण बाहेर आलं. बंदराच्या काठावरच्या एका आलिशान कॉन्डो इमारतीला, रिट्झ-कार्लटन रेसिडेन्सेस, वर्षानुवर्षं पाण्याची नीट बिलंच गेली नव्हती. आकडा होता २३ लाख डॉलर. मुद्दाम कुणी केलं असं नाही म्हणत मी. पण इकडे साडेसातशेवर घर लिलावात आणि तिकडे २३ लाख कुणाच्या लक्षातच नाहीत, हे एकाच बिलिंग सिस्टीमच्या पोटातून निघालं. कौन्सिलमधल्या नगरसेवकांच्या हातात यापेक्षा चांगला मुद्दा कुणी आयता दिला नसता. 'आमचे आकडे बरोबर असतात' हे वाक्य आता सभागृहात म्हणणं अवघड होतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कौन्सिलने कायदा एकमताने मंजूर केला. जानेवारी २०२० मध्ये यंग यांनी सही केली. स्वतः मांडलेल्या विधेयकावर स्वतःच महापौर म्हणून सही करायची वेळ फार कमी लोकांवर येते.

मग मार्च २०२०, कोविड. राज्यपाल होगन यांनी आणीबाणीच्या हुकमाने राज्यभर घरांचे पाणी, वीज वगैरे तोडायला आणि उशिराचा दंड लावायला बंदी घातली. पुन्हा एकदा एका सहीने. पण बॉल्टिमोरचा स्वतःचा कायदा मात्र ठरल्या वेळी सुरू झाला नाही. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून विधेयक मंजूर करून घेणारे ब्रँडन स्कॉट डिसेंबर २०२० मध्ये महापौर झाले, आणि मुदतवाढ मागायची पाळी त्यांच्याही प्रशासनावर आली. खुर्ची बदलली की प्रोजेक्ट प्लॅन वेगळा दिसतो! त्याच डिसेंबरमध्ये शहर आणि काउंटीच्या इन्स्पेक्टर जनरलनी मिळून अहवाल दिला की २२ हजारांहून जास्त डिजिटल मीटर धड काम करत नाहीत. हे २०१६ चे तेच अचूक मीटर.

उत्पन्नानुसार बिलाची योजना शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉटर फॉर ऑल या नावाने सुरू झाली, कायदा मंजूर झाल्यावर सव्वादोन वर्षांनी. कायद्यात भाडेकरूंचाही समावेश होता, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. शहरात भाड्याने राहणारे बरेच. त्यातल्या अनेकांच्या घरात नळाचं खातं मालकाच्या नावावर आणि पाण्याचे पैसे भाड्याबरोबर भाडेकरू देणार. बिल येतं मालकाला, सवलत द्यायची भाडेकरूला, आणि बिलिंगच्या सिस्टीममध्ये एका खात्याला नाव एकच.